आठ भोकांचा चेंडू

रुझारचा भाऊ तारवटी.
एका मे महिन्यात त्याच्या बॅगेतून
चॉकलेटं निघाली, साबण निघाले, आणि तळाशी
मोज्यात गुंडाळलेला एक चेंडू:
पांढरा, पोकळ, एका अंगाला आठ लांबट भोकं.
सोबत काठीएवढी बारीक पिवळी बॅट.
"हें भुरग्यांक," तो म्हणाला.
आम्ही सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे.
चालेल, म्हटलं.

नियम कुणालाच ठाऊक नव्हते.
ते आम्हीच केले, माशेलच्या खाजनात,
कापल्या भाताच्या खुंटांवर उभं राहून:
बांधापलीकडे गेला तर सहा,
मानशीत पडला तर बाद,
वारा मध्ये आला तर पुन्हा टाकायचा.
वारा रोजच मध्ये यायचा.

चार संघ झाले. जुवेंकार पूल ओलांडून येत,
स्कूटरला भेंडीची पिशवी अडकवून;
हरले तरी भेंडी वाटत,
जिंकले तर निवडून कोवळी.
मी सोसायटीचा कारकून, म्हणून वही माझ्याकडे.

वहीत आहे:
झेल, बॉस्त्यांव (निजलेला).
तो पोदेर. रात्रभर भट्टीपाशी, पहाटे सायकलवर,
आणि दुपारी आमच्या लांबच्या कोपऱ्यात
उभ्या उभ्या डोळा लागलेला.
चेंडू येऊन त्याच्या ओंजळीत बसला.
आम्ही ओरडलो तेव्हा तो दचकून म्हणाला, "किती पाव?"

सुलक्षा टीचर चपला हातात धरून धावायच्या
आणि बाद दिलं की पंचाला
सतराचा पाढा म्हणायला लावायच्या.
सतरा आठे पाशी पंच अडकायचा.
त्या परत खेळायला उभ्या.

फोंडू टाकण्याआधी भोकांत फुंकर घालायचा.
शिटी वाजली तर डावीकडे वळतो म्हणे.
वळायचाही. कधी उजवीकडे.
दोन्ही वेळा तो अशी मान हलवायचा
जणू घरून ठरवून आलाय.

आणि पुतू गावडे, मानशीचा राखणदार,
जो एकदाही खेळला नाही.
चेंडू पाण्यात गेला की
कुर्ल्यांच्या जाळ्याने काढून द्यायचा, न बोलता.
एकदा भोकातून इवलीशी कुर्ली बाहेर आली.
"हिलाय घ्या टीमीत," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या वर्षी, शेवटच्या सामन्याचा शेवटचा चेंडू.
फोंडूने फुंकला, रुझारने मारला.
तो बांधापलीकडे गेला खरा,
पण मानशीतून.
ओहोटी होती. दारं उघडी.
पुतू जाळं घेऊन धावेपर्यंत
तो कालव्याला लागला होता.
दोन्ही संघ बांधावर ओळीने उभे,
कुणी हाका मारल्या,
चेंडूला हाका मारून काय होणार.
मग भांडण: सहा की बाद?
अंधार पडला, डास आले, भेंडी वाटून झाली,
निकाल लागला नाही.

पुढच्या वर्षी म्हापशाच्या बाजारातून
प्लास्टिकचा दुसरा चेंडू आणला.
त्याला भोकं नव्हती.
फोंडूने तो हातात फिरवला, फिरवला,
आणि खाली ठेवला.

मग रुझारही बोटीवर गेला.
टीचरांची बदली काणकोणला.
बॉस्त्यांवची भट्टी आता दुसरंच कुणी चालवतं,
पाव बरा असतो.

परवा बांबोळीला गेलो, फोंडूला भेटायला.
फुप्फुसांत पाणी झालेलं, आता उतरतंय.
खाटेवर तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र.
नर्स सांगत होती, श्वास आत ओढायचा, काका, आत.
ती वळल्यावर त्याने यंत्र उलटं धरलं
आणि फुंकलं.
एक गोळा वर गेला. दुसरा थरथरला.
"दाव्यान वळटलो," तो म्हणाला.

बराच वेळ आम्ही पंख्याकडे बघत होतो.
मग त्याने विचारलं:
ते वहीत काय लिहिलंस? सहा की बाद?
म्हटलं, जागा सोडलीय.
"बरें केलें."
उशी सरळ करून मी निघालो,
तेव्हा मागून त्याचा आवाज, धापेसकट:
पुतूला विचार रे,
भरती कितीला.